दुसरं उष्टावण

मुलांनो, आधी एक काम करा. डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमच्या तोंडात ज्वारीच्या भाकरीचा एक कोरडा तुकडा आहे. भाजी नाही, चटणी नाही, नुसता तुकडा. तो गिळायचा नाही, फक्त चावत राहायचं. आधी तो भुशासारखा लागेल. कंटाळू नका, चावा. थोड्या वेळानं तो गोड लागायला लागेल.

साखर कुणी घातली? कुणीच नाही. ज्वारीच्या पिठात साखरेचे कण असतातच, पण ते एकमेकांचे हात धरून लांबच लांब साखळी करून उभे असतात. साखळीत असतात तोवर जिभेला ते ओळखू येत नाहीत. तुमच्या लाळेतलं एक विकर, म्हणजे तोडणारं रसायन, ती साखळी तोडू लागतं आणि सुटे झालेले तुकडे जिभेला भेटतात. पचन म्हणजे मुळात हेच. मोठं असेल ते तोडत जायचं, इतकं बारीक होईपर्यंत, की ते आतड्याच्या भिंतीतून पलीकडे रक्तात शिरेल.

आता दुसरी कल्पना करा. ही जरा अवघड आहे. असं एक शहर आहे, जिथल्या एकाही शाळकरी मुलाला हा गोडवा आठवत नाही. त्यांना भूक लागते, त्यांचं वजन वाढतं, ती पळतात, गणितं सोडवतात. पण त्यांनी कित्येक वर्षांत काही चावलेलंच नाही.

या शहराचं नाव पूर्णानगर. वऱ्हाडात, पूर्णा नदीच्या काठी, कपाशीच्या शेतांच्या मधोमध ते नव्यानं वसवलं होतं. शहराबाहेर एक कारखाना होता. तिथं स्टीलच्या उंच टाक्या एका रांगेत उभ्या होत्या. पहिल्या टाकीत धान्य आणि डाळी दळून, भिजवून टाकत. दुसरीत आपल्या जठरात असतं तसं आम्ल. तिसरीत स्वादुपिंडाच्या रसासारखी विकरं. शेवटच्या टाकीतून जे बाहेर पडे, ते संपूर्ण पचलेलं असे. पिष्टाची साखर झालेली, प्रथिनांचे सुटे घटक झालेले, तेलाचे बारीक कण झालेले. त्यात जीवनसत्त्वं आणि क्षार मिसळून ते पाकिटात भरत. नाव ठेवलं होतं ‘सारघोट’.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे तुमचा गैरसमज व्हायचा नाही. सारघोट वाईट नव्हता. ज्यांची आतडी आजारी आहेत, ज्यांना पाणीसुद्धा पचत नाही, अशा माणसांसाठी तो बनवला गेला आणि त्यानं कितीतरी जीव वाचवले. चूक पुढं झाली. आजाऱ्याला जे बरं, ते निरोग्याला आणखी बरं असणार, असं कुणाच्या तरी मनात आलं आणि शाळांनी ते उचलून धरलं. पहिलीपासून मुलांनी शाळेत आणि घरीही फक्त सारघोटच घ्यायचा, असा नियम झाला. मधली सुट्टी उरली नाही, त्या वेळात एक जादा तास बसवता आला. डबे गेले, सांडलवंड गेली. पहाटे उठून पोळ्या लाटणाऱ्या आयांना झोप मिळाली. हे शेवटचं मी थट्टेनं म्हणत नाही. ती झोप त्यांच्या हक्काचीच होती.

या शहरात सातवीत शिकणारी एक मुलगी होती, ईश्वरी गावंडे. तिचे बाबा राजस्थानात सौरप्रकल्पावर कामाला होते. आई, प्रणिता, सारघोटच्या कारखान्यात टाक्यांचं नियंत्रण बघायची. कोणत्या टाकीत आम्ल किती, तापमान किती, विकर कधी सोडायचं, सगळं तिच्या बोटांवर. ती अभिमानानं म्हणायची, “इशू, सगळ्या शहराचं पोट मी चालवते.”

पोळ्याच्या दिवशी ईश्वरीनं नियम मोडला. शेजारच्या काकूंकडे बैलांच्या पूजेसाठी पुरणपोळी केली होती. मोठी माणसं घरी सर्रास जेवायची, बंदी होती ती फक्त शाळेच्या मुलांना. ईश्वरीनं अर्धी पोळी उचलली आणि खाल्ली. चावताना तिचा जबडा दुखला, पण चव अशी, की ती उभ्या उभ्या हसली.

संध्याकाळपर्यंत ती पोट धरून कळवळत होती.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक पिंपळखुटे सरांनी आईला बोलावून घेतलं. शेजारच्या खुर्चीवर ईश्वरी बसली होती, चेहरा उतरलेला, पण मान ताठ.

“गावंडे मॅडम, तुमच्याच घरातून असं व्हावं?” सर म्हणाले. “बघा, हिच्या पोटाला आता घनपदार्थ चालतच नाहीत. म्हणून तर आपण विश्राम आणतो आहोत.”

विश्राम म्हणजे एक इंजेक्शन. दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीच्या मुलांना ते द्यायचं ठरलं होतं. त्यानं स्वादुपिंडाच्या पाचकरस तयार करणाऱ्या पेशी कायमच्या बंद होणार होत्या. रक्तातली साखर सांभाळणाऱ्या पेशी चालू राहतील, फक्त पाचकरस थांबेल. वापर नाही तर यंत्र चालू कशाला ठेवायचं, असं त्यामागचं गणित. एकदा बंद झाल्या, की त्या पेशी पुन्हा सुरू करता येत नव्हत्या.

“सर, एक विचारू?” ईश्वरी म्हणाली.

“विचार.”

“तुम्ही घेणार विश्राम?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “माझं आता वय झालं, बाळा. मोठ्यांसाठी ते नाहीच.”

“पण परवा तुमच्या खोलीतून मिरचीच्या ठेच्याचा वास येत होता. अख्ख्या वर्गाला आला.”

“इशू!” आईनं तिच्या गुडघ्यावर हात दाबला.

“आणि सर, पचनसंस्थेच्या आकृतीला तुम्ही मला पैकीच्या पैकी गुण दिलेत. अन्ननलिका, जठर, यकृत, लहान आतडं, सगळ्यांची नावं मला येतात. पण ते सगळं माझ्या पोटात आहे आणि त्यातलं मी काहीच वापरत नाही. माझं पोट बिघडलेलं नाही, सर. ते विसरलंय.”

“पोट काय पाढे आहेत का, विसरायला?” सर हसले.

ईश्वरी हसली नाही. “मला विश्राम नको,” ती म्हणाली.

घरी जाताना आई रस्ताभर पुढं चालत राहिली. दाराशी आल्यावर तिनं किल्ली काढली आणि हातातच धरून ठेवली. “तुला कळतं का, मी कुठं काम करते? कारखान्यातल्या बाईची मुलगीच नको म्हणाली, तर लोक काय म्हणतील?”

“लोकांचं पोट तू चालव,” ईश्वरी म्हणाली. “माझं मी चालवते.”

सर हसले खरे, पण मुलगी बरोबर बोलली होती. तिच्या शरीरात काय झालं होतं, ते नीट ऐका.

लहान आतड्याची आतली भिंत गुळगुळीत नसते. ती मखमलीसारखी असते. डोळ्यांना न दिसणाऱ्या लाखो बारीक बोटांनी ती भरलेली असते आणि ही बोटंच पचलेलं अन्न शोषून रक्तात सोडतात. सारघोट इतका तयार असतो, की आतड्याच्या अगदी सुरुवातीलाच तो शोषला जातो. पुढच्या लांबलचक वाटेला काहीच उरत नाही. काम नसलं, की तिथली बोटं आखडतात. स्वादुपिंडही हुशार आहे. मागणी नसेल तर रस कमी करतं. आणि त्याही पुढं, मोठ्या आतड्यात, जिवाणूंची मोठी वस्ती असते. आपल्याला न पचणारा कोंडा, साली, धागे हेच त्यांचं जेवण. ते खाऊन ते जे तयार करतात, त्यावर मोठ्या आतड्याची भिंत पोसली जाते. सारघोटात कोंडा नसतो. वस्ती उपाशी पडते, ओसाड होते. मग अचानक एक दिवस पुरणपोळी येते. पचवायला रस पुरेसा नाही, शोषायला बोटं पुरेशी नाहीत, आणि उरलेसुरले जिवाणू त्या ढिगावर तुटून पडतात. वायू धरतो, पोट फुगतं, कळा येतात.

लोकांनी त्या कळा पाहिल्या आणि म्हणाले, बघा, अन्न बाधतं! पाय प्लास्टरमध्ये बांधून ठेवावा, प्लास्टर काढल्याच्या दिवशी मुलाला डोंगर चढायला लावावा आणि तो पडला की म्हणावं, बघा, याला पायच नाहीत. तसंच हे.

दिवाळीच्या सुट्टीत ईश्वरी आणि आई मामाच्या गावी गेल्या. दिगूमामा बसथांब्यावर वाट पाहत उभा होता. पोट सुटलेला, आवाज असा की रस्त्यापलीकडची म्हैस मान वर करायची.

“काय वं पोरी! किती वाळली! त्या पाकिटानं तुले पाकीट करून टाकलं!”

“मामा, माझं एक काम आहे,” ईश्वरी तिथंच म्हणाली. “माझं उष्टावण कर.”

तुमच्यापैकी कुणाला माहीत नसेल, तर सांगतो. बाळ दुधावर असतं, तोवर त्याला अन्न देत नाहीत. मग एक दिवस ठरवून, मामाच्या मांडीवर बसवून, मामाच्या हातानं त्याला पहिला घास देतात. त्याला उष्टावण म्हणतात. ते आयुष्यात एकदाच होतं.

मामा मोठ्यानं हसला. “तुय उष्टावण मी केलं ना वं! आता बारा वर्साची घोडी, मांडीवर बसशीन तं मांडी मोडन माही.”

“दुसऱ्यांदा कर. मला पहिल्यापासून सुरू करायचंय.” आणि तिनं विश्रामचं सगळं सांगितलं. मामाचं हसू बंद झालं. बहिणीकडे पाहून तो म्हणाला, “प्रणिता, खरं हाय हे? कायमचं बंद?”

आईनं पिशवी उचलली. “घरी चल, दादा. इथं रस्त्यात नको.”

मामाच्या मनात ते उष्टावण असं भरलं, की त्यानं कुणालाच काही विचारलं नाही. वऱ्हाडात आनंद झाला, की शेतात रोडगे होतात. कणकेचे जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. मामानं भाऊबंद बोलावले, झाडाखाली सतरंजी टाकली, भाचीला खरोखरच मांडीवर घेतलं आणि “खाय माही वाघीण!” म्हणत तूप निथळणारा रोडगा तिच्या तोंडात घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी दुसरा घास भरवला, कुणी तिसरा. ईश्वरीला वाटलं, हीच लढाई आहे, मागे हटायचं नाही. तिनं सगळं खाल्लं.

जेवणं आटोपायच्या आतच तिला उलट्या सुरू झाल्या. पोटात अशी कळ उठली, की तिला सरळ उभं राहवेना. मामानं तिला गाडीत घातलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

“दादा, तुले काही अक्कल हाय का?” दवाखान्याच्या बाकावर आईचा बांध फुटला. “पोरीचा जीव घेतला असता!”

मामा आपल्या तुपकट हातांकडे बघत बसला होता. “मले वाटलं, चांगलंचुंगलं खाऊ घालू. उष्टावण हाय तं काय नुसती पेज देऊ?”

“बस झालं. सुट्टी संपली की विश्राम. माझी संमती आहे.”

हे शब्द आत खाटेवर पडलेल्या ईश्वरीनं ऐकले. तिला सलाईन लावलं होतं. डॉक्टर मेहरूनिसा काझी तिचं पोट हलकेच दाबून तपासत होत्या.

“डॉक्टर, माझं पोट मेलंय का?”

“मेलेलं पोट एवढा आरडाओरडा करत नाही,” त्या म्हणाल्या. “थकलंय ते. आतड्याच्या अस्तराच्या पेशी दर चार-पाच दिवसांनी नव्या येतात, माहितीये? आज तुझ्या आत जे अस्तर आहे, ते गेल्या आठवड्यात नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा नवं येईल. त्याला कामाची सवय लावायची की नाही, हे तुझ्या हातात आहे. पण रोडगा?” त्यांनी कपाळाला हात लावला. “रोडग्यानं तर माझंही पोट फुगतं.”

आई आत आली. ईश्वरीनं तिचा हात धरला.

“आई, माझ्या पहिल्या उष्टावणाला मामानं मला काय भरवलं होतं?”

“आता काय त्याचं?”

“सांग ना.”

“तांदळाची खीर.”

“किती?”

आईनं आपलं बोट पुढं धरलं आणि त्याच्या टोकाकडे पाहिलं. “एवढीशी. नुसती ओठाला लावली होती. तीही तू हनुवटीवर थुंकलीस, मग पुन्हा लावली.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशी भाताचं पाणी. दोन चमचे.” आई खाटेच्या कडेला टेकली. “मग मऊ भात, कुस्करून. मग वरणाचं पाणी. पोळी तर किती महिन्यांनी. एकेक नवीन गोष्ट द्यायची आणि तुझं पोट हातानं चाचपून बघायचं.” ती बोलत होती आणि बोलता बोलता तिचा आवाज बदलत गेला. “कारखान्यातली टाकी मी एका बटणावर चालू करते. तुझं पोट चालू करायला मला वर्ष लागलं होतं, इशू.”

“मग पुन्हा लाव ना तेवढंच.”

आईनं तिचं पांघरूण सारखं केलं. मग बाहेर जाऊन ती भावाला म्हणाली, “दादा, घरी कण्या हायेत का ज्वारीच्या?”

“हायेत ना. कायले?”

“शिजवायच्या. आणि आता तू हात लावायचा नाही, सांगून ठेवते.”

कण्या म्हणजे भरडलेली ज्वारी. आईनं त्या खूप पाण्यात शिजवल्या, गाळल्या आणि नुसतं वरचं पाणी दिलं. एक घोट. पोट दुखलं नाही. बाकी भूक सारघोटानंच भागवायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग दोन घोट. मग त्यात पातळ ताक. मग थोड्या मऊ कण्या. मधे एकदा फुटाणे पाहून ईश्वरीला राहवलं नाही, मूठभर खाल्ले आणि सारी दुपार गडबडा लोळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नुसतं पाणी. जबडा दुखायचा म्हणून ती बोळक्या म्हातारीसारखी सावकाश चावायची आणि मामा तिला “आजी” म्हणून चिडवायचा. आईनं सुट्टी वाढवून घेतली. कारखान्यातून फोन आले, ते तिनं बाहेर अंगणात जाऊन घेतले.

आत काय चाललं होतं? जिवाणूंना कोंड्याचे पहिले कण मिळाले होते आणि ओसाड वस्तीत चुली पेटू लागल्या होत्या. स्वादुपिंड मागणी पाहून रस वाढवत होतं. आखडलेली मखमल पुन्हा उंच होत होती.

परतायच्या आधी डॉक्टर काझींनी ईश्वरीच्या तपासण्या केल्या. “अजून पूर्ण नाही,” त्या म्हणाल्या. “पण शिकतंय. हे बंद करणं गुन्हा ठरेल.” तसं त्यांनी शाळेला कळवलंही.

विश्रामच्या दिवशी शाळेच्या सभागृहात सातवीची मुलं पालकांसोबत रांगेत उभी होती. पुढं पडद्यामागं टेबल, त्यावर इंजेक्शनं. पिंपळखुटे सर दाराशीच आईला भेटले.

“मॅडम, डॉक्टरांचं म्हणणं पोहोचलं. तुमच्या मुलीला सूट आहे.” त्यांनी आवाज खाली घेतला. “पण तुमच्या टाक्या काढून घेतल्या म्हणे? पाकीट भरायला बसवलंय?”

“बसवलंय,” आई म्हणाली. “डोकं मोकळं राहतं, सर. दुपारी डबा खाता येतो.”

सर ओशाळले. मग ईश्वरीकडे वळून म्हणाले, “झालं ना तुझ्या मनासारखं? जा आता घरी. इथं थांबून बाकीच्यांना बिचकवू नकोस.”

ईश्वरीनं आत पाहिलं. रांगेत तिचा बाकावरचा मित्र अथांग खंडारे उभा होता. शेजारी त्याचे बाबा. अथांगनं तिला पाहून हात केला आणि खुणेनं विचारलं, दुखतं का?

ती घरी गेली नाही. तिनं नळावर हात कोपरापर्यंत धुतले, सभागृहाच्या मधोमध येऊन जमिनीवर मांडी घातली आणि दप्तरातून कण्यांच्या पाण्याचा डबा काढला.

“अथांग, इकडे ये.”

“अगं, माझा नंबर येईल आता.”

“इंजेक्शन उद्याही घेता येईल. घेतलं, की उलटं फिरता येत नाही. आधी हे चाखून बघ, मग ठरव.”

“ईश्वरी, ऊठ तिथून!” सर ओरडले. “सभागृहात अन्नाला बंदी आहे!”

“मग मला शिक्षा करा, सर. मी बसलेय इथंच.”

रांग वळून बघू लागली. अथांगनं बाबांकडे पाहिलं. त्याचे बाबा पडद्याकडे बघत राहिले, मग डब्याकडे, मग कुणाकडेच नाही. त्यांनी मुलाच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

अथांग येऊन तिच्यासमोर बसला. “भूक लागलीये. सगळा डबा देशील?”

“एक थेंब मिळेल.”

“एकच? कंजूष!”

“माझा मामा कंजूष नव्हता, म्हणून मी सलाईनवर होते. तुझं उष्टावण आहे हे. तोंड उघड.”

“मामा लागतो ना याला? मला तर मामाच नाही.”

“मी आहे ना. गप बस.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. ईश्वरीनं करंगळीचं टोक पाण्यात बुडवलं आणि त्याच्या जिभेवर टेकवलं. अथांगनं डोळे बारीक केले, तोंड वाकडं केलं आणि ते सगळं हनुवटीवर थुंकून टाकलं.

“ई! चिखलासारखं लागतंय!”

सभागृहात हशा पिकला. सरही हसले, जिंकल्यासारखे. रांगेतली मुलं पुन्हा पडद्याकडे तोंड करू लागली.

ईश्वरीनं ओढणीच्या टोकानं त्याची हनुवटी पुसली आणि बोट पुन्हा डब्यात बुडवलं.